धोकादायक म्हणून घर रिकामं करायला लावलं, तर परत यायचा हक्क राहतो का? (सोलापूर)

बाळीवेसकर (धागाकर्ती)

नमस्कार. जुन्या वाड्यांत-चाळींत राहणाऱ्यांनी आणि ज्यांना यातला कायदा किंवा बांधकाम कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

माझी आत्या बाळीवेशीजवळच्या एका वाड्यात भाड्याने राहते. लग्न होऊन आली ती याच दोन खोल्यांत. दगड-मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर माळवद. आत सात बिऱ्हाडं. मालकांची पुढची पिढी बाहेरगावी असते. भाडं नियमित जातं, पावत्या आहेत. मागच्या बाजूची भिंत पोट काढून बाहेर आली आहे हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे नोटीस खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर दारावर नोटीस लागली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २६४ आणि २६८. इमारत धोकादायक आहे, तातडीने रिकामी करा, अशा अर्थाची.

पालिकेला असा अधिकार असू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्या फुगलेल्या भिंतीखालच्या बोळातून शाळेची मुलं जातात. उद्या ती पडली तर फक्त वाड्यातली माणसं दगावतील असं नाही. अधिकार हवाच आणि तो वापरलाही पाहिजे.

पण वाड्यातलं एकही बिऱ्हाड हललेलं नाही. बाहेरचे लोक म्हणतात, यांना जिवाची पर्वा नाही. तसं नाहीये हो. आत्या रात्री पाऊस लागला की उठून पुढच्या सोप्यात येऊन बसते. तिला भिंतीची भीती वाटतेच. पण एकदा बाहेर पडलं, वाडा पाडला, की आपण इथे राहत होतो हे सांगायला खोलीच उरणार नाही, ही भीती त्याहून मोठी आहे. तिला बाहेर कसं काढायचं यापेक्षा, तिने निर्धास्तपणे बाहेर पडावं यासाठी तिच्या हातात कोणता कागद द्यायचा, हे मला हवंय. कायद्यात असं काही आहे का?

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, तुमची कळकळ समजते. तरी आधी आत्यांना आजच्या आज हलवा, कागद नंतर बघा. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आठवा. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत पडून सहा जण गेले. ते आडोशाला थांबले होते आणि ती भिंत जुनीही नव्हती. तुमची भिंत तर आधीच फुगली आहे.

बाळीवेसकर

ती माझ्याकडे पुण्याला यायला तयार नाही. खोलीला कुलूप दिसलं की जागा सोडली असं धरतील, असं वाड्यातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. म्हणून तर विचारतेय.

अभय_स्ट्रक्चरल

मी इमारतींची तपासणी करतो. कायद्याचं कायदेवाले सांगतील, मी वाड्याचं सांगतो.

आपल्याकडच्या माळवदाची रचना आधी लक्षात घ्या. खाली तुळया, त्यावर आडव्या कड्या, त्यावर लाकडी पाटणी आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरचा पाऊस कमी आणि ऊन जास्त, म्हणून हे छप्पर इथं शोभून दिसलं. उन्हाळ्यात घर गार राहतं. पण गळती लागली की लोक वरून आणखी माती टाकतात. जुनी काढत नाहीत. असं दोन-तीन पिढ्या चाललं की मूळ तुळईने जेवढं वजन पेलायचं त्याच्या दुप्पट माती वर बसते, आणि भिजली की ती आणखी जड होते.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आपल्याकडं रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाने साठवणीची टाकी केलेली असते, आणि जागा नाही म्हणून ती माळवदावर चढते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. सात बिऱ्हाडांच्या सात टाक्या. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने हा हिशोब धरला असणं शक्यच नाही. तुमच्या वाड्यात काय आहे मला ठाऊक नाही, पण वर टाक्या असतील तर आज संध्याकाळपर्यंत खाली उतरवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरं, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. मधली तुळई ठणठणीत दिसते, पण भिंतीतला हातभर भाग ओल आणि वाळवीने भुसा झालेला असतो. तपासणीला येणारा माणूस हातोडीने ती टोकं ठोकून पाहतोय का, भिंतीचा ओळंबा घेतोय का, पायाशी पाणी मुरतंय का हे पाहतोय का, यावर लक्ष ठेवा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. दगड-मातीच्या वाड्याचा अहवाल त्या आकड्यांनी भरलेला असेल तर तो घेऊ नका.

शेवटचं. अहवालात वर्ग लिहिलेला असतो, तो आधी वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ किरकोळ दुरुस्ती. हे वर्ग २०१५ पासून राज्यभर वापरले जातात. सी-१ आणि सी-२ए दोन्हींत बाहेर पडावंच लागतं, पण परत येण्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसती 'धोकादायक' एवढीच नोंद असेल तर वर्ग कोणता, असं लेखी विचारा.

शेंगाचटणी

अभयदादा, ही तपासणी करायची कुणी? पैसे कुणी भरायचे? आमच्या अपार्टमेंटमध्ये यावरूनच वर्षभर बैठका चालल्यात.

अभय_स्ट्रक्चरल

कलम २६५-ए. इमारतीला तीस वर्षं झाली की मालक किंवा वापरणाऱ्याने पालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यायचं. तीस वर्षं पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, भोगवट्याच्या परवानगीपासून किंवा निम्म्या बांधकामाचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला तेव्हापासून, यातलं जे आधीचं त्यापासून मोजायची. टाळल्यास दंड २५ हजार रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, जी रक्कम जास्त असेल ती. अपार्टमेंटमध्ये सोसायटीच मालकाच्या जागी, तेव्हा वर्गणी काढा. बैठकांना तपासणीपेक्षा जास्त खर्च झाला असेल.

आणि तीस वर्षांच्या आतली इमारत सुरक्षित, असं कुणी समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत पडून १६ माणसं गेली, ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. इकडे आपल्या काळ्या मातीत तर पाया उथळ ठेवला की माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नव्या घरालाही तिरपे तडे जातात. हद्दवाढ भागातल्या कितीतरी घरांना असे तडे दिसतील.

मधला_मारुती

मी मालक आहे. या धाग्यातल्या वाड्याचा नाही, दुसऱ्या एका वाड्याचा. कुणीतरी ही बाजूही मांडायला हवी.

आमच्या वाड्यात पाच भाडेकरू. पाचांचं मिळून महिन्याचं भाडं जेवढं येतं तेवढ्यात एका गवंड्याची दोन दिवसांची मजुरी निघत नाही. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पण मूळ रक्कमच आजोबांच्या काळातली असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? दुरुस्ती मालकाने करायची, हे मान्य. तुळई बदलायला निघालो तर सागवान कोणत्या भावाने मिळतं ते कौतम चौकातल्या कुठल्याही लाकडाच्या दुकानात विचारून या. त्यात वारस नऊ. एक परदेशात, दोघांचा कोर्टात दावा. एकाने सही केली तर दुसरा अडवतो.

आमच्याकडंही नोटीस लागली तेव्हा भाडेकरूंना वाटलं मी साहेबांना भेटून लावून घेतली. देवाशपथ सांगतो, नाही. असे मालक असतात, मी नाकारत नाही. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. भाडेकरूला जागा द्यायला मी तयार आहे, फक्त वाडा पाडून नवीन बांधायला जे पैसे लागतात ते वरच्या वाढीव बांधकामातूनच निघू शकतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत जुन्या धोकादायक इमारतींसाठी वाढीव चटईक्षेत्र दिलंय. आमच्या बोळाची रुंदी बघितली की बिल्डर चहा पिऊन परत जातो.

काळा_कोट

आता कायद्याचं. बाळीवेसकर ताई, तुम्हाला हवा तो आधार तुमच्या नोटिशीतल्याच कलमात आहे.

आधी २६४. पडायला झालेल्या, राहणाऱ्यांना किंवा जवळून जाणाऱ्यांना धोका असलेल्या बांधकामाबाबत आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी सांगू शकतात: पाडा, आधार द्या, दुरुस्त करा. 'पाडा' हा एकच पर्याय नाही. धोका अगदी डोक्यावर असेल तर नोटिशीआधीच कुंपण घालून, टेकू देऊन रस्ता बंद करता येतो.

आता २६८, घर रिकामं करण्याचा अधिकार. याचे तीन भाग आहेत आणि लोक पहिल्या भागावरच थांबतात.

पहिला भाग: इमारत धोकादायक असेल, किंवा आग लागल्यास बाहेर पडायला पुरेशा वाटा नसतील, किंवा भोगवट्याच्या परवानगीशिवाय वापरात असेल, तर आयुक्त लेखी आदेशाने ती लगेच किंवा ठरावीक मुदतीत रिकामी करायला सांगू शकतात. पण आदेश देताना त्याची कारणं थोडक्यात नोंदवणं बंधनकारक आहे. त्या कारणांची प्रत मागा.

दुसरा भाग: कुणी बाहेर पडलं नाही तर आयुक्त पोलिसांकरवी बाहेर काढू शकतात. अधिकार इतका कडक आहे.

तिसरा भाग, आणि आत्यांसाठी हाच महत्त्वाचा: आदेशानुसार जो बाहेर पडला किंवा काढला गेला, त्याने अर्ज केल्यावर, आदेशाची मुदत संपल्यानंतर, परिस्थितीनुसार त्याला पुन्हा त्याच जागेत प्रवेश देणं हे आयुक्तांचं काम आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. आणि 'परिस्थितीनुसार' म्हणजे इमारत उभी राहिली असेल तर.

इमारत पाडली गेली तर? तिथे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे. प्रकरण सांगली-मिरज भागातलं. पालिकेने मोडकळीला आलेली इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही, कारण भाडेकरूचा हक्क भिंतींपुरता नसून जमिनीशीही जोडलेला असतो, असं न्यायालयाने सांगितलं. आत्यांना हे एका वाक्यात सांगा: वाडा पडला तरी तुमचं भाडेकरूपण पडत नाही.

हक्क आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. मुंबईच्या बाबतीत उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच पालिकेला सांगितलं की पाडण्याआधी राहणाऱ्यांची यादी करा आणि कुणाकडे किती चटईक्षेत्र होतं ते नोंदवा. मालकाचा आणि भाडेकरूंचा तपासणी अहवाल वेगळा आला तर पाहायला तिथे तांत्रिक सल्लागार समिती असते. तुम्ही हेच सोलापुरात लेखी मागा. सातही बिऱ्हाडांनी एकत्र अर्ज द्या: आम्ही बाहेर पडायला तयार आहोत, त्याआधी आमच्या खोल्यांची मोजणी करून पंचनामा करा आणि सहीची प्रत द्या. सोबत भाडेपावत्या, लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, मालमत्ता कराच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव असेल तर तो उतारा.

बाहेर पडायला नकार देऊन हक्क मजबूत होत नाही, हे वाड्यातल्या सगळ्यांना ठासून सांगा. आदेश पाळून, नोंद करून बाहेर पडलेल्या माणसाची बाजू न्यायालयात कितीतरी भक्कम असते.

मधला_मारुती

वकीलसाहेब, त्या मोजणीत मालकालाही बोलवा. नंतर भाडेकरू दोन खोल्यांच्या तीन सांगतो आणि मालक एक सांगतो. दोघांसमोर टेप धरला की वाद तिथंच मिटतो.

काळा_कोट

साहेब नाही, ताई म्हणा :) बाकी अगदी बरोबर. मालकाला नोटीस देऊनच पंचनामा व्हावा.

निवृत्त_अभियंता

मी दुसऱ्या एका महापालिकेत बांधकाम विभागात नोकरी केली, त्या अनुभवावरून लिहितो.

मे महिना आला की प्रत्येक प्रभागातून धोकादायक इमारतींची यादी मागवली जाते. नोटीस निघते. तिचे दोन हेतू असतात. एक खरोखर माणसं वाचवणं. दुसरा, पुढे काही झालं तर 'आम्ही कळवलं होतं' हे दाखवता येणं. दुसरा हेतू जड झाला की नोटीस दारावर राहते आणि माणसं आत. पुढच्या मे महिन्यात तीच यादी, तीच नोटीस. मी अशा याद्यांवर सह्या केल्या आहेत आणि मला त्याचा त्रास व्हायचा.

माणसं बाहेर काढायची तर ती ठेवायची कुठं, हा प्रश्न कनिष्ठ अभियंत्याच्या हातात नसतो. मोठ्या शहरांत संक्रमण शिबिरं तरी असतात. मध्यम शहरांत पालिकेची शाळा किंवा समाजमंदिर, तेही चार दिवस. मग विजेचं कनेक्शन तोडायला महावितरणला पत्र जातं आणि नळ बंद होतो, म्हणजे लोक आपोआप निघतील. तरुण निघतात. म्हातारी माणसं कंदील लावून राहतात.

एका ठिकाणी मी वेगळं करून पाहिलं. आदेश देण्याआधीच प्रत्येक खोलीचं माप घेतलं, नकाशा काढला, त्यावर मालक, भाडेकरू आणि माझी सही, आणि प्रत्येकाच्या हातात एक प्रत. त्यानंतर ते लोक ज्या शांतपणे सामान बांधायला लागले ते मी विसरणार नाही. पोलीस बोलवावे लागले नाहीत. हे करायला कायद्यात बदल लागत नाही, एक टेप आणि दोन माणसं लागतात. म्हणून काळा_कोट ताई म्हणतात तोच अर्ज आजच द्या.

फलटण_गल्ली

थोडं वेगळं विचारतो, पण विषय जवळचा आहे. आमच्या शेजारी एक घर कित्येक वर्षं बंद आहे. माळवद आत कोसळलंय, वरून पाऊस पडतो, आत कमरेएवढा कचरा. डुकरं, उंदीर, आणि पावसाळ्यात डास. गल्लीत डेंग्यू झाला की पहिलं लक्ष त्या घराकडं जातं. तिथं कुणी राहतच नाही, मग रिकामं काय करणार? अशा घरावर अधिकार चालतो का?

निवृत्त_अभियंता

चालतो. २६४ ला माणूस राहत असणं आवश्यक नाही, शेजाऱ्याला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धोका असला तरी पुरे. मालकाने केलं नाही तर पालिका करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. अस्वच्छतेचा भाग वेगळा. राहायला अयोग्य झालेल्या इमारती सुधारून घ्यायची, नाहीच जमलं तर पाडायला लावायची तरतूद याच अधिनियमात आहे, आणि साचलेलं पाणी, घाण काढायला सांगण्याचीही. दोन तक्रारी करा: एक बांधकाम विभागाकडे, एक आरोग्य विभागाकडे. एकच केली तर फाइल दोघांच्या मध्ये फिरते. डासांच्या अळ्या दिसत असतील तर आरोग्य निरीक्षकाला जागेवर बोलवून त्यांच्याकडून नोंद करून घ्या.

एक लक्षात घ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. पडक्या घरातलं टायर, फुटका माठ त्याला लागतो तसाच आपल्या घरातला झाकण नसलेला पिंपही चालतो. पाणी साठवणाऱ्या शहरात हे सगळ्यांनाच लागू आहे.

इतिहासवेडा

हा अधिकार आपल्याकडे आला कसा, हे पाहिलं की लोकांचा धसका का आहे ते कळतं. प्लेग आला तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि सरकारला घरात शिरायचे, माणसं हलवायचे, सामान जाळायचे अफाट अधिकार मिळाले. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. लोक रोगी लपवायला लागले. त्याच जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती. पण घरातल्या माणसाला विचारात न घेता अधिकार वापरला की माणूस रोगच लपवतो. वाड्यातले लोक आज तडे रंगवून लपवतात, त्याचं मूळ फार वेगळं नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

इतिहास ठीक आहे, पण मला एक टोचतं. आपण सगळे कागदाबद्दल बोलतोय आणि तोवर सात बिऱ्हाडं त्या भिंतीखाली झोपतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून १७ जण गेले. त्यांच्याही काही मागण्या असतीलच की. पालिकेने लोकांच्या मर्जीची वाट पाहावी का? मला वाटतं, नाही. सी-१ असेल तर पोलीस लावून काढावं आणि नंतर भांडावं.

बाळीवेसकर

दादा, तुमचा राग समजतो, आणि सी-१ असेल तर पोलीस लावायलाही माझी हरकत नाही. पण पोलिसांनी काढलेली माणसं रात्री परत येतात. आमच्या वाड्याच्या पलीकडच्या वाड्यात तसंच झालं होतं. बाहेर काढणं एका दिवसात होतं, बाहेर राहणं महिनोन्‌महिने चालतं. हातात मोजणीची प्रत असली तर ती माणसं बाहेर राहतील. म्हणून हे कागदाचं काम जीव वाचवण्याच्या कामाच्या आधी किंवा नंतरचं नाही, त्यातलंच आहे असं मी म्हणतेय.

पूर्वभाग

सगळे वाड्यांवर बोलताय, आमच्याकडं पण बघा.

साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर, कुठंही जावा. खाली लूम, वर बिऱ्हाड. आमचं पण तसंच. बाबांनी हातमाग काढून पॉवरलूम टाकले, वर मजला चढवला. दिवसभर खटखट चालू असते, भिंती थरथरतात. अभयदादांना विचारायचंय, त्याने घर कमजोर होतं का?

आणि दुसरं. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहायचं, त्यात एक लहान बाळ. आमच्या पूर्व भागात त्या दिवशी चूल पेटली नाही. तेव्हापासून मी आमच्या घराकडं बघतो. एकच जिना, त्याच्याखाली सुताचे बाचके. खिडक्यांना गज. काळा_कोट ताईंनी सांगितलं की आगीत बाहेर पडायला वाट नसेल तरी २६८ लागतं. मग आमचं निम्मं पूर्व भाग बंद करायला लागेल की हो. लूम बंद झाले तर पोट कशावर?

अभय_स्ट्रक्चरल

अन्ना, थरथरीचं खरं आहे. एका दिवसात काही होत नाही, पण भिंतीतले मातीचे नाहीतर चुन्याचे सांधे वर्षानुवर्षं हलत राहिले की मोकळे होतात. लूमच्या खाली रबराचे पॅड टाका आणि लूमचा पाया भिंतीपासून सुटा ठेवा. वर चढवलेला मजला कॉलमवर आहे की जुन्याच भिंतीवर, हे आधी बघा. जुन्या भिंतीवर असेल तर मला किंवा दुसऱ्या कुणाला बोलवा.

काळा_कोट

कायदा आहे म्हणून उद्या कुणी येऊन सगळं बंद करेल असं नाही. पण दुर्घटनेनंतर हाच कायदा बाहेर काढला जातो, तेव्हा आधीच सुधारून घेतलेलं बरं. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा वेगळा आहे. तो लागू असलेल्या इमारतींत यंत्रणा चालू असल्याचा ब फॉर्म दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. यंत्रणा बसवून गंजत ठेवणारेच जास्त. एमआयडीसीच्या हद्दीत अग्निशमनाची परवानगी एमआयडीसीची असते, पेठेत पालिकेची. कुणाकडे जायचं ते आधी ठरवा.

तुमच्यापुरतं: जिन्याखालचे बाचके आज हलवा. एका खिडकीचे गज आतून उघडतील असे करून घ्या. रात्री मालक बाहेरून कुलूप लावत असतील आणि आत कामगार झोपत असतील, तर ते आजपासून बंद. यात कुणाचं पोट जात नाही.

पूर्वभाग

बाचके हलवतो. गजाचं लोहाराला सांगितलं. आक्काच्या घरी पण सांगतो, तिथं तर जिना लाकडाचा आहे. धन्यवाद.

शेंगाचटणी

आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर क्लास चालतो. शंभर पोरं, एक जिना. सुरतला मे २०१९ मध्ये क्लासच्या आगीत २२ पोरं गेली. हा धागा वाचून मी आज क्लासवाल्या सरांशी बोलले. ते म्हणाले मागचा जिना उघडून देतो, तिथं सध्या बेंच ठेवलेत. सोसायटीच्या बैठकीत तपासणीचा ठरावही टाकलाय.

बाळीवेसकर

सगळ्यांना कळवते.

सातही बिऱ्हाडांच्या सह्यांचा अर्ज दिला, पोच शिक्क्यासकट घेतली. अर्जात तीनच मागण्या: कारणांची प्रत आणि वर्ग, मालकासमोर मोजणी आणि पंचनामा, आणि २६८ प्रमाणे पुन्हा प्रवेशासाठी आमचा अर्ज आत्ताच नोंदवून घ्यावा. मालकांना फोन केला. मला वाटलं होतं ते टाळतील, पण मधला_मारुती यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, मोजणीला मी येतो.

माळवदावरच्या टाक्या उतरवल्या. अभयदादा येऊन गेले. त्यांच्या मते मागच्या तीन खोल्यांत एक रात्रही राहू नये, त्या भिंतीला बाहेरून टेकू हवेत आणि बोळ बंद हवा. पुढच्या सोप्याच्या तुळया बऱ्या आहेत. मागची तिन्ही बिऱ्हाडं आज नातेवाइकांकडे गेली. त्यांच्या खोल्यांचं माप तात्पुरतं आम्हीच घेऊन सगळ्यांच्या सह्या केल्या आणि व्हिडिओ काढून ठेवला. आत्या पुढच्या खोलीत आहे. मोजणी झाली की पुण्याला येते म्हणाली.

एक शेवटचा प्रश्न. बाहेर पडल्यावर भाडं द्यायचं की थांबवायचं? वाड्यात दोन मतं आहेत.

काळा_कोट

द्यायचं. थांबवू नका. जागा वापरात नाही म्हणून भाडं बंद केलं की थकबाकीचा मुद्दा समोरच्याला आयता मिळतो. भाडं कमी व्हावं असं वाटत असेल तर मालकाशी लेखी ठरवा. मालकाने घेतलं नाही तर मनीऑर्डर करा, परत आली तर तिची पावती जपा, नाहीतर थेट बँक खात्यात भरा आणि 'भाडे' असं लिहून महिना टाका. ज्या तिघांनी आज जागा सोडली त्यांनी तर या महिन्याचं भाडं उद्याच भरावं. आणि व्हिडिओची एक प्रत कुणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा, फोन हरवतात.

निवृत्त_अभियंता

बोळ बंद करायला पालिकेला वेगळं पत्र द्या, त्याच अर्जात नको. टेकू आणि कुंपण हे २६४ खाली लगेच होऊ शकतं, मोजणीला थांबायची गरज नाही. शाळा सुरू व्हायच्या आत ते व्हायला हवं.